खरखरीखालचा आवाज

"मुरल्या, दार उघड लेका! हात तुटायला आलाय!"

दार उघडलं तर आप्पासो खारगे पायरीवर उभा. घामानं निथळलेला, आणि छातीशी आमच्या गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर धरलेला. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढवतात तो. मागं त्याची बायको, शालनवैनी, वायरींची पिशवी घेऊन. मी म्हटलं, "ऐन मार्गशीर्षात कुठली मिरवणूक काढलीस मर्दा?"

तो हसला नाही. ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवला, तसं टेबल कुरकुरलं. मग त्यानं शर्टाच्या खिशातनं रुमालाची घडी काढली, उलगडली आणि आतला बोटभर लांबीचा रेकॉर्डर मला दाखवला. नुसता दाखवला. हातात काही दिला नाही.

"ह्याची सूं काढ," ॲम्प्लिफायरवर थाप मारून तो म्हणाला. "बाकी मला कायबी नगं. एवढी सूं काढ. तिच्याखाली माझी पोरगी बोलतीया."

त्याची पोरगी वैजयंती त्या पावसाळ्यात तापानं गेली होती. कॉलेजात होती. एकुलती एक. गल्लीत कुणाला वेगळं सांगायला नको होतं, मीच तिला खांदा दिला होता. पण रेकॉर्डरवर तिचं बोलणं आहे हे मला नवीन होतं. मी म्हटलं, "बस आधी. पाणी पी. आणि नीट सांग."

आमचं इचलकरंजी यंत्रमागांचं गाव. चालू मागांच्या मधे उभं राहून बोलायचं तर घशाचा काही उपयोग नाही, ओठ वाचावे लागतात. त्यात आप्पासोचे माग खाली आणि घर वर. त्याच्या घरात जेवणाच्या ताटावरसुद्धा निम्मं बोलणं ओठांवरच चालायचं. वैजूला बोलता येण्याआधी ओठ वाचता यायला लागले असं तो येईल त्याला कौतुकानं सांगायचा. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला आत सोडत नव्हते. काचेबाहेर उभं राहायचं. वैजूला कॉलेजातले तास टिपून घ्यायला त्यानंच हा रेकॉर्डर घेऊन दिला होता आणि तो तिच्या उशाशी असायचा. एका दुपारी तिनं तो तोंडाशी धरला. काचेतनं आप्पासोनं तिचे ओठ वाचले. 'आप्पा,' ती म्हणाली. मग तिनं कूस बदलली, पाठ काचेकडं झाली.

"पण बोलत हुती," तो मला म्हणाला. "खांदं हलत हुतं तिचं. लई येळ बोलली. मग फिरून माज्याकडं बगितलं आनि ह्यो असा हलवून दाखीवला. म्हंजे घरी जाऊन ऐका."

दुसऱ्या दिवशी तिच्या कपड्यांबरोबर रेकॉर्डर घरी आला. ती आली नाही.

"ऐकलंस मग?"

"ऐकतोय की. रोज सांजच्याला ऐकतोय. लई बारीक येतंय. म्हनून तर ह्यो आनला."

आता काय म्हणावं या माणसाला! ऐकू येत नाही तर वॅट वाढव, हे आमच्या गावचं शहाणपण. सगळ्या चौकाला नाचवणारं धूड त्यानं तिच्या अभ्यासाच्या टेबलावर मांडलं होतं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिरगाळून एका पोरीचं कुजबुजणं ऐकायला बसला होता.

मी म्हटलं, "अरे खुळ्या, हातभर अंतरावरच्या स्पीकरला कशाला पाहिजेत एवढे वॅट? तुझ्या टेबलावर अर्धा वॅट झाला तरी कान उठतील. आणि असल्या मोठ्या ॲम्प्लिफायरची स्वतःचीच खरखर असते. चौकात कोण ऐकतंय ती? टेबलावर तीच आधी ऐकू येते."

"मग?"

"मग छोटा पाहिजे. कमी ताकदीचा, पण शांत. स्वतः गप्प राहणारा. आण तो रेकॉर्डर, बघू दे मला."

त्यानं मूठ मिटली. "न्हाई. एक बटन चुकलं की गेलं. ह्यो माज्या हातातनं हलायचा न्हाई. तू ॲम्प्लिफायरचं बग."

"बरं बाबा. पण काय ऐकू येतं तुला, ते तरी सांग."

त्याचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी मी तो तसा बघत होतो. "आप्पा म्हनती आदी. मग जरा गप. मग 'कपाट' म्हनतीया. मी तिचं कपाट कितींदा उपसलं. आजून कायतरी असंल पुढं, त्ये कळंना झालंय. आनि हिला 'आई' म्हनल्यालं ऐकू आलं. काय गं?"

शालनवैनी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या. "आलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जुनाच बरा हाय की भावजी. नव्या नादात कायतरी इस्कटायचं. ऱ्हाऊ द्या."

"तू गप," आप्पासो म्हणाला. "हिला कायबी नवं म्हटलं की भ्या वाटतं."

मलाही तसंच वाटलं. बायकामाणसांना यंत्राची भीती वाटते, असल्या समजुतीत वाढलेले आम्ही.

मी सूतगिरणीत वीजतंत्री होतो, पण माझा खरा जीव ॲम्प्लिफायरमध्ये. घरात त्यापायी बोलणी खाल्ली नाहीत असा आठवडा गेला नसेल. या कामाला मात्र मी असा भिडलो की घरच्यांनीही तोंड उघडलं नाही. स्कूटरच्या बॅटरीवर चालेल असा केला. भिंतीतल्या विजेचं नाव नको, तिची घूंघूं नको. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, म्हणजे बाहेरचं काही आत शिरायला नको. एकेक भाग निवडून घेतला, न पटलेला काढून टाकला. वैजू मला मुरलीकाका म्हणायची. माझ्या टेबलाशी बसून सोल्डरचा धूर फुंकून उडवायची आणि म्हणायची, "काका, हे बोलायला कधी लागणार?" ते आठवलं की हात थांबायचे.

पण चांगला झालाय की नाही हे ठरवायचं कसं? आमच्याकडं पंचाईत अशी की शांत ॲम्प्लिफायर पारखायला शांतता कुठून आणायची! शेजारी माग, मागं माग, पलीकडच्या गल्लीत माग. त्या वर्षी आमच्या भागात शुक्रवारी दिवसभर वीज बंद असायची, तेवढाच काय तो दिवस. माग थांबले की गाव कसंतरीच वाटायचं. म्हातारी माणसं तर बेचैन व्हायची.

त्या शुक्रवारी मी टेबलावर डबा ठेवला, छोटे स्पीकर लावले, काहीही न वाजवता आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि कान स्पीकरच्या कागदाला टेकवला. काही नाही. मला वाटलं, सुरूच केला नाही. दिवा बघितला, लागलेला होता. पुन्हा कान लावला. पत्र्यावर कबुतर चाललं होतं त्याची नखं मला ऐकू आली, पण माझा ॲम्प्लिफायर ऐकू येईना. मग कॅसेटवरची एक जुनी भूपाळी अगदी बारीक लावली. बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेत होती, तो श्वास वेगळा ऐकू आला. मोठ्यानं लावला तर दम संपत होता, खोटं कशाला बोलू. लग्नमंडपात नेला असता तर हसं झालं असतं. पण टेबलाशी बसून, जवळून, एकट्यानं ऐकायला? मी मांडीवर थाप मारली. असा ॲम्प्लिफायर मी जन्मात केला नव्हता. मूठभर मांस चढलं अंगावर. म्हटलं, वैजू, आता बोल गं बाई.

पुढच्या शुक्रवारी डबा आणि बॅटरी घेऊन मी आप्पासोकडं गेलो. जिन्यातच माग थांबलेले कळत होते. खालचं दार उघडं होतं, सूत घेऊन पळणारे धोटे आहेत तिथं थिजले होते. आप्पासोनं अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. वैजूच्या टेबलावरचं सगळं आवरलेलं, आणि तिच्या फोटोला ताजा हार. एखाद्या कार्याची तयारी करावी तशी तयारी.

"ये, ये. बस," तो म्हणाला. कुजबुजतच म्हणाला. माणसं शांततेत घाबरतात तसा.

शालनवैनींनी चहा आणला. तो प्यायला तर पोहे आणले. पोहे झाले तर म्हणाल्या, "भावजी, जेवूनच बसा की निवांत. भाकरी टाकते."

"अगं, वीज आली की माग सुरू हुतील," आप्पासो वैतागला. "मग काय ऐकायचं, कप्पाळ?"

"मग म्होरल्या शुक्रवारी ऐका."

"शालन!"

त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी तारा जोडल्या. आप्पासोनं रुमाल उलगडला, रेकॉर्डरला नमस्कार केला आणि स्वतःच्या हातानं पिन लावली.

"आधी दुसरं काहीतरी लाव," मी म्हटलं. "ॲम्प्लिफायर कसा वाजतो ते बघू."

त्यानं कॉलेजातला एक तास लावला. आणि काय सांगू! मास्तर खोलीत येऊन उभे राहिले. फळ्यावर खडू घासत होता, बाक करकरत होतं, कुणीतरी वहीचं पान उलटलं. आप्पासोनं माझा दंड धरला. "आयला, मुरल्या! हे आमी रोज ऐकतो, पर ह्ये पान न्हवतं कदी आलं. तिचंच असंल न्हवं?"

"असेल. जवळचंच वाटतंय."

तिचा आवाज मात्र त्यात कुठं नव्हता. शहाणी पोरगी, तासाला तोंड उघडायची नाही.

"आता लावतो," तो म्हणाला. त्यानं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मी हळूहळू आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. आप्पासोनं मान एका बाजूला कलती केली, रोज करत असेल तशी. मी शेवटपर्यंत वाढवला. पार तळाशी रेकॉर्डरची स्वतःची एक सुळसुळ, सुरुवातीपासून एकसारखी. तिच्यात चढ नाही, उतार नाही. तिच्यावर काही नाही आणि तिच्याखालीही काही नाही. मी कान स्पीकरला लावला.

रेकॉर्डरवरचे आकडे पुढं सरकत होते. आप्पासोचे ओठ हलले. 'आप्पा.' ती जागा आली असणार. त्यानं डोळे उघडले.

"मोठा कर."

"एवढाच आहे."

"मग बिगडलाय तुजा."

"आत्ता मास्तर बोलले की रे."

"बिगडलाय म्हनतोय न्हवं!" तो ओरडला. मग त्यानं परत पहिल्यापासून लावलं. परत काही नाही. मग तास लावला, खडू घासला, पान उलटलं. परत ते लावलं. काही नाही. तो काय करतोय ते मला कळत होतं. खोटा कोण, हे तो तपासत होता. एका बाजूला माझा डबा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या आजवरच्या सगळ्या संध्याकाळी.

"आण इकडं," मी म्हटलं, आणि त्यानं पहिल्यांदा तो रेकॉर्डर माझ्या हातात दिला. विरोध केला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मी तो खिडकीशी नेला. तास टिपताना ती गळ्यापाशी अडकवायचा माइक लावायची, तो मी बघितला होता. त्या माइकच्या भोकात काहीतरी पिवळं चमकत होतं. पिनेचं टोक. माइक ओढून काढताना कधीतरी मोडून आतच राहिलेलं. टोक आत असलं की रेकॉर्डर समजतो, बाहेरचा माइक लावलाय. त्याचा स्वतःचा माइक मग बंद. दिवा लागतो, आकडे पळतात, आत काही जात नाही.

सांगावं की सांगू नये? पण तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि त्या माणसापुढं ओठ मिटून ठेवणं हेही सांगण्यासारखंच होतं. मी सांगितलं.

"म्हंजे ती बोलली," आप्पासो म्हणाला.

"बोलली."

"मी बगितलं. लई येळ बोलली."

"होय आप्पासो."

"आनि ह्येच्यात गेलंच न्हाई."

"नाही."

त्यानं रेकॉर्डर परत घेतला आणि तो पिवळा ठिपका नखानं खरवडून बघितला. मग एकदम काहीतरी सापडल्यासारखा वळला. "पर शालन, तू ऐकलंस की! 'आई' म्हनल्यालं तू ऐकलंस. एकदा न्हाई, कितींदा ऐकलंस. सांग ह्येला!"

शालनवैनी चौकटीतनं हलल्या नाहीत. "न्हाई ऐकलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला कदीच कायबी आलं न्हाई. पयल्या दिसापासनं."

"मग रोज माज्याजवळ बसून व्हय व्हय म्हनत हुतीस ते?"

"तुमी जेवत न्हवता," त्या म्हणाल्या. "पोरगी गेल्यापासनं घास उतरत न्हवता तुमच्या घशाखाली. त्ये ऐकलं की उठायचा आनि जेवायचा. मग मी काय म्हनू? न्हाई म्हनू?"

देवा, मी त्या घरातनं पळून गेलो असतो तर बरं झालं असतं. त्या एवढ्याशा खोलीत तीन माणसं होती आणि माझा ॲम्प्लिफायर चालूच होता. किती शांत होता म्हणून सांगू. बाईचा दाबलेला हुंदका ऐकू येत होता, रस्त्यावरच्या सायकलची चेन ऐकू येत होती, आणि डब्याचा हूं नाही की चूं नाही.

आप्पासो रडला नाही. आरडाओरडा केला असता, माझा डबा उचलून भिंतीवर आपटला असता तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं नीट रुमालाची घडी घातली. पण रेकॉर्डर तिच्यात ठेवला नाही. मला म्हणाला, "चांगला झालाय रं. तुजं काम चांगलंच असतंय." मग फोटोच्या हाराकडं बघून म्हणाला, "पाठ फिरवायला नगं हुती तिनं. मी सगळं वाचलं असतं."

शालनवैनींनी भाकरी टाकली. ताट वाढलं. ते तसंच राहिलं.

दिवेलागणीला वीज आली. आधी खालचा एक माग खडखडला, मग दुसरा, मग शेजारचे, मग सगळी गल्ली, आणि बघता बघता गाव पुन्हा खटखटीत बुडालं. आप्पासो उठला. मला वाटलं, मागाकडं बघायला निघाला; कितीही झालं तरी धंदा. जिना उतरून तो खाली गेला. मी मागोमाग गेलो. कामगार आपापल्या मागावर होते आणि आप्पासो मधल्या बोळात उभा होता. त्यानं डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलती केली होती. मी त्याचा खांदा हलवला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं तोंडावर बोट ठेवलं.

काही दिवसांनी शालनवैनी डबा परत घेऊन आल्या. धुतलेल्या फडक्यात बांधलेला. "घरात नगं," म्हणाल्या. मी विचारलं, "जेवतो का आता?"

"जेवतात. मागापाशी बसून जेवतात. तितंच झोपतात. मला म्हनतात, हितं लई सपष्ट येतंय वैजूचं. चल म्हनतात ऐकायला." त्यांनी डबा सोडून फडक्याची घडी घातली. "मी जाते भावजी. बसते जवळ."

"आणि?"

"व्हय म्हनते."

या गोष्टीला किती वर्षं झाली! तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे. परवा एका ओळखीच्यानं विचारलं, टेबलावर ऐकायला छोटा ॲम्प्लिफायर कसा घ्यावा. मी म्हटलं, ताकद कमी असली तरी चालेल, पण शांत बघून घे. खरं तेच सांगितलं. माझ्या डब्यावर मात्र त्या दिवसापासून काही वाजलेलं नाही.

आप्पासो अजून आहे. त्यानं बाकीचे माग विकले, एकच ठेवलाय. त्याच्यावर धागा नसतो, कापड निघत नाही, नुसता धोटा इकडून तिकडं पळतो आणि तो शेजारी खुर्ची टाकून मान कलती करून बसतो. लोक हसतात, वीज फुकट घालवतो म्हणतात. आणि ज्या दिवशी वीज नसते त्या दिवशी तो अंथरुणातनं उठत नाही. दोन्ही कानांवर उशी दाबून धरतो. शालनवैनी त्याच्या तोंडासमोर बसून आवाज न करता ओठ हलवतात, आप्पा, आप्पा, आणि तो डोळे घट्ट मिटून घेतो.